पाय विचारा, उपाय सांगू नका: मधुमेहींनी एकमेकांचे पाय ऑनलाइन कसे सांभाळावेत

संध्याकाळी मोजे काढताना उजव्या मोज्याला अंगठ्याखाली तपकिरी डाग दिसला. बुटाचा रंग लागला असेल म्हणून मोजा उलटा केला, तर कापड वाळून कडक झालेलं. बूट उपडा केला आणि आतून शर्टाचं एक बटण टपकन खाली पडलं. सकाळी नऊपासून मी त्या बटणावर चालत होतो. दिवसभरात पाय एकदाही दुखला नाही. मधुमेहाला तेव्हा चौदा वर्षं झाली होती.

फोटो काढून ओळखीच्या एका ताईंना पाठवला. त्याही मधुमेही, त्यांच्या तळपायाची जखम भरायला पाच महिने लागले होते. मला वाटलं, एखादं मलम सांगतील. त्यांनी एकच ओळ लिहिली: "उद्या किती वाजता दाखवायला जाताय?" मी जाणारच नव्हतो. पण प्रश्नच असा की वेळ सांगितल्याशिवाय सुटका नाही. "साडेदहा," मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी पावणेअकराला मेसेज आला: "पोचलात?"

पुढे आमचा जो ग्रुप झाला तो या दोन मेसेजांवर उभा आहे. तसा ग्रुप कसा बांधायचा, रोज काय पाहायचं, काय विचारायचं आणि कुठे तोंड बंद ठेवायचं, ते खाली सांगतो.

पाय बोलायचा का थांबतो

साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की नसांना इजा होते. सर्वांत लांबच्या नसा आधी जातात, म्हणून बधिरपणा पायाच्या बोटांपासून सुरू होऊन मोजा चढवावा तसा वर सरकतो. काहींना मुंग्या येतात, तळपायांची आग होते, रात्री पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही. काहींना काहीच जाणवत नाही. मला या दुसऱ्या लोकांची जास्त काळजी वाटते, कारण त्यांच्या मते त्यांचे पाय उत्तम असतात.

याच बिघाडाने पायाला घाम कमी येतो, कातडी कोरडी पडते, टाचांना भेगा जातात. पायातले बारीक स्नायू अशक्त होऊन बोटं आकड्यासारखी वळतात आणि नको त्या जागी दाब पडायला लागतो. तिथे घट्टा धरतो, घट्ट्याखाली रक्त साकळतं आणि एक दिवस तो फुटतो. त्यात रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतील तर जखम भरायची ताकदही उणी.

कुष्ठरोगात बोटं आपोआप झडत नाहीत, संवेदना गेल्यामुळे न कळणाऱ्या रोजच्या इजांनी ती झिजतात, हे वेल्लोरला काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर दाखवून दिलं. मधुमेहातल्या बधिर पायाचंही गणित तेच. दुखणं ही तक्रार आपण बंद करायला धडपडतो, पण ती बंद झाली की पाय बेवारस होतो. शिवाय एकदा जखम होऊन भरली म्हणजे सुटलो असंही नाही. भरून आलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोकांना वर्षभरात पुन्हा जखम होते, पाच वर्षांत हा आकडा ६५ टक्क्यांच्या घरात जातो.

डॉक्टर पाय पाहतात ते वर्षातले मोजके दिवस. बाकीच्या दिवसांचं काय? जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये मधुमेहातल्या समदुःखी आधारावर, म्हणजे रुग्णांनीच रुग्णांना दिलेल्या आधारावर, खास सल्लामसलत घेतली होती. या विषयात काम करणारे लोक अशा आधाराची चार कामं सांगतात: रोजच्या जगण्यात मदत, मनाला धीर, दवाखान्यापर्यंत पोचवणं, आणि हे सगळं न थकता चालू ठेवणं. पायाच्या बाबतीत मी तिसऱ्याला सगळ्यात वर ठेवतो.

पायरी १: आधी आपला आकडा माहीत करून घ्या

ग्रुपमध्ये शिरण्याआधी प्रत्येकाने एकदा डॉक्टरांकडून पायांची नीट तपासणी करून घ्यावी. साखरेचा रिपोर्ट दाखवून, पायात बूट तसेच ठेवून परत येणं म्हणजे पायांची तपासणी नव्हे. मोजे काढायला कुणी सांगितलं नाही तर आपणच काढून बसावं. मला एका दवाखान्यात सहा वर्षं कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

तपासणीत साधारण चार गोष्टी होतात. १० ग्रॅम दाब देणारा नायलॉनचा तंतू, म्हणजे मोनोफिलामेंट, तळपायाला टेकवून कळतं का ते पाहतात. १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडावर ठेवून थरथर कळते का विचारतात. पावलावरची आणि घोट्यामागची नाडी चाचपतात. पायाचा आकार, घट्टे, नखं पाहतात. त्यावरून ० ते ३ असा धोक्याचा गट ठरतो:

० – संवेदना आणि रक्तपुरवठा दोन्ही ठीक. तपासणी वर्षातून एकदा.
१ – दोन्हींपैकी एक बिघडलेलं. ६ ते १२ महिन्यांनी.
२ – दोन्ही बिघडलेलं, किंवा एक बिघडून शिवाय पायाचा आकार बदललेला. ३ ते ६ महिन्यांनी.
३ – संवेदना किंवा रक्तपुरवठा बिघडलेला आणि सोबत पूर्वीची जखम, कापलेला भाग किंवा निकामी झालेली मूत्रपिंडं. १ ते ३ महिन्यांनी.

आमच्या ग्रुपमध्ये नावापुढे हा आकडा लिहितात. विचित्र वाटेल, पण फायदा मोठा आहे: "३" असलेल्या काकांनी "जरासं खरचटलंय" लिहिलं की कुणी हसण्यावारी नेत नाही.

दोन तपासण्यांच्या मधल्या काळात घरच्या घरी करण्यासारखी एक सोपी चाचणी आहे, इप्सविच टच टेस्ट. डोळे मिटून पडायचं. घरच्या कुणीतरी दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, अशा सहा बोटांच्या टोकांना तर्जनीने अगदी अलगद, एक-दोन सेकंद स्पर्श करायचा. दाबायचं नाही, टकटक करायची नाही, गुदगुल्याही नाहीत. स्पर्श कळला की "डावा" किंवा "उजवा" म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त चुकले तर डॉक्टरांची वेळ घ्यायची. व्हिडिओ कॉलवर ती होत नाही, बोट लावायला माणूस समोर लागतो. दुसरा माणूस कॉलवर राहून चाचणी नीट चाललीय का एवढं पाहू शकतो.

पायरी २: माणसं थोडी, नियम त्याहून थोडे

व्हॉट्सॲपचा ग्रुप १,०२४ जणांपर्यंत वाढवता येतो. वाढवू नका. आठ ते बारा माणसं पुरे. वीसच्या पुढे गेलं की ज्याचा मेसेज आला नाही त्याची आठवणच कुणाला होत नाही, आणि आपलं सगळं काम न आलेल्या मेसेजावर चालतं.

माणसं मिसळ असावीत. निदान एक जण असा हवा ज्याला जखम होऊन गेली आहे. त्याचं म्हणणं बाकीचे जसं ऐकतात तसं माहितीपत्रकाचं कुणी ऐकत नाही. नजर अधू असेल त्याच्या घरातलं एक माणूस ग्रुपमध्ये घ्या, कारण पाय पाहणारे डोळे त्याचेच असणार. ॲडमिन दोन ठेवा, एक आजारी पडला तर दुसरा. आणि प्रत्येकाला एक जोडीदार द्या. सगळ्यांनी सगळ्यांना विचारायचं ठरलं की कुणीच कुणाला विचारत नाही. तीन महिन्यांनी जोड्या बदला.

डॉक्टर किंवा नर्स ग्रुपमध्ये असाव्यात का? आमचं मत, चोवीस तास नसाव्यात. त्यांच्याकडून एकदा आपले ठरलेले मेसेज तपासून घ्यावेत, महिन्याकाठी एखादा प्रश्नोत्तरांचा तास मागावा. डॉक्टर ग्रुपमध्ये असले की लोक जखमेचा फोटो टाकून रात्रभर निळ्या टिकांची वाट पाहत बसतात आणि दवाखान्यात जायचं राहतं.

नियमांचा मेसेज आम्ही ग्रुपच्या वर्णनात टाकला आहे. पिन केलेला मेसेज महिन्याभरात आपोआप उतरतो, वर्णन तिथेच राहतं. मजकूर असा:

"इथे आपण एकमेकांना पाय पाहायला लावतो आणि गरज पडली की डॉक्टरांकडे धाडतो. औषधाचं, मलमाचं, पट्टीचं नाव कुणी कुणाला सुचवायचं नाही. काही विकायचं नाही. फॉरवर्ड टाकायचे नाहीत. इथली गोष्ट, इथला फोटो बाहेर न्यायचा नाही. तातडीचं असेल तर इथे लिहीत बसू नका, आधी निघा, वाटेतून कळवा."

पायरी ३: रोजचं पाहणं

वेळ एकच ठरवा. मी रात्री झोपण्यापूर्वीची धरतो, कारण दिवसभरात बुटात जे घडतं ते रात्री सापडतं. उजेड चांगला हवा, चष्मा डोळ्यांवर हवा. हे लिहिण्याचं कारण आहे: आमच्यातले निम्मे लोक चष्मा काढून ठेवल्यावर, अंथरुणावर बसून, टीव्हीच्या उजेडात पाय "पाहत" होते.

खुर्चीत बसा, एक पाय दुसऱ्या मांडीवर घ्या. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून त्यावर पाय धरा, किंवा फोनने तळव्याचा फोटो काढून तो मोठा करून पाहा. मला फोटोच बरा वाटतो. आरशात डावं-उजवं उलटतं आणि मान अवघडते.

आता टाचेपासून सुरुवात. भेगा किती खोल आहेत, तळाशी लाल दिसतं का? मग पायाची बाहेरची कड, करंगळीच्या मागचा उंचवटा, जिथे बूट घासतो. मग चवडा. घट्टा असेल तर त्याचा रंग पाहा. पिवळसर, एकसारखा असेल तर पुढच्या भेटीत दाखवा. मधोमध काळपट किंवा जांभळा ठिपका दिसला तर तो आत साकळलेल्या रक्ताचा असू शकतो, तो दाखवायला पुढच्या भेटीपर्यंत थांबू नका. मग अंगठ्याची खालची बाजू, मग प्रत्येक बोटाचं टोक. वळलेल्या बोटांची टोकं जमिनीवर घासतात.

बेचक्यांना वेळ द्या. दोन बोटं हलकेच फाकवून आत पाहा. सर्वांत जास्त चुकते ती चौथं बोट आणि करंगळी यांमधली जागा. कातडी पांढरी, भिजल्यासारखी, सोललेली असेल तर बहुधा बुरशी आणि ओल. तिथे चीर पडली की जंतूंना दार उघडं. शेवटी नखांचे कोपरे आणि पावलाची वरची बाजू.

पाहून झालं की हाताची पालथी बाजू दोन्ही पायांवर एकाच जागी ठेवून ऊब ताडून पाहा. एक पाय दुसऱ्याहून गरम लागला तर आत काहीतरी शिजतंय. "३" गटातल्यांनी कातडीचं तापमान मोजायचं साधन डॉक्टरांना विचारून घ्यावं. दोन्ही पायांच्या त्याच जागांमध्ये सलग दोन दिवस २.२ अंश सेल्सिअसहून जास्त फरक आला तर चालणं कमी करायचं आणि डॉक्टरांना कळवायचं.

बाकीची कामं थोडक्यात. पाय रोज धुवा, पाणी ३७ अंशांच्या खाली असावं आणि ते पायाने चाचपू नये, कोपराने किंवा थर्मामीटरने पाहावं. बेचक्या टिपून कोरड्या करा. कोरड्या कातडीला मॉइश्चरायझर लावा, बेचक्यांत मात्र नको. नखं सरळ कापा, कोपरे खोदू नका. दिसत नसेल किंवा हात थरथरत असेल तर दुसऱ्याकडून कापून घ्या. मोजे रोज बदला, शिवण टोचत असेल तर उलटे घाला, पोटरीला वळ पडेल इतके घट्ट नकोत. अनवाणी चालायचं नाही, घरातही नाही. नुसत्या मोज्यांवर किंवा पातळ सपातेवर चालणंही त्यातच धरा. नवे बूट संध्याकाळी, पाय जरा सुजलेले असताना, उभं राहून घालून पाहा. आतली लांबी पायापेक्षा १ ते २ सेंटिमीटर जास्त हवी.

आणि बूट घालण्यापूर्वी तो उपडा करून झटका, मग आत हात घालून पुढपर्यंत फिरवा. बटणाची गोष्ट वर सांगितलीच आहे. त्यानंतर आमच्या ग्रुपला बुटांत पेनाचं टोपण, खडा, नातवाच्या खेळण्याचं चाक आणि आतल्या गादीतून वर आलेला खिळा एवढं सापडलं आहे.

पायरी ४: 'पाहिले' हा शब्द बंद करा

पहिले दोन महिने आम्ही रात्री नऊला विचारायचो, "पाय पाहिले का?" आणि सगळे अंगठा टाकायचे. बारा जण, बारा अंगठे, आम्ही खूश. मग एका काकांच्या पायाच्या अंगठ्याखाली फोड निघाला. डॉक्टर म्हणाले, चार-पाच दिवसांपूर्वीचा आहे. त्या चार-पाच रात्री काकांचा अंगठा ग्रुपवर वेळेवर येत होता. विचारल्यावर काका ओशाळून म्हणाले, "अहो, मेसेज आला की हात आपोआप जातो."

दोष काकांचा नव्हता, प्रश्नाचा होता. "हो" म्हणून सुटता येईल असा प्रश्न विचारायचाच नाही, असं तेव्हा ठरलं. आता रोज एकच प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर पाय पाहिल्याशिवाय देता येत नाही:

– डाव्या करंगळीच्या बेचक्यातली कातडी कोरडी आहे की ओलसर?
– मोजे काढल्यावर कुठे वळ उमटलेत? ते किती वेळाने जातात?
– दोन्हींपैकी कोणती टाच जास्त कोरडी?
– आज बुटात हात घातल्यावर बोटांना काय लागलं?
– कालचा घट्टा आज कोणत्या रंगाचा?
– हाताच्या पालथ्या बाजूला कोणता पाय गरम वाटला?

उत्तर लिहायचा कंटाळा असेल त्याने व्हॉइस नोट टाकावी. आमच्यातल्या एक आजी तर पायाशी बोलत बोलत नोट रेकॉर्ड करतात: "ही टाच बरी आहे, ही मेली फुटलीय..." त्या ऐकायला लोक थांबतात.

प्रश्न रोज बदलणारा हवा आणि विचारणारा आठवड्याला बदलावा. ज्याच्यावर विचारायची पाळी येते, त्याचे स्वतःचे पाय त्या आठवड्यात सर्वांत नीट पाहिले जातात.

पायरी ५: फोटो काढायचा तर

अंधुक फोटो नसल्यापेक्षा वाईट. लोक त्यावर "काही विशेष नाही" म्हणून मोकळे होतात. खिडकीचा उजेड घ्या. फ्लॅशने कातडी चकाकते आणि लाली पुसली जाते. एक फोटो लांबून, पूर्ण पाऊल दिसेल असा, एक जवळून. जवळच्या फोटोत जखमेशेजारी मोजपट्टी धरा, जखमेला टेकवू नका. दुसऱ्या पायाचीही तीच जागा टिपा, सूज आणि रंग ताडून पाहायला. काळ्या-सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. तिथे जांभळट किंवा गडद झाक, चमक आणि ऊब यांवर भरवसा ठेवा, आणि फोटोसोबत ते शब्दांत लिहा.

फोटो ग्रुपवर टाकायचा का? आमच्याकडे जोडीदाराला आणि डॉक्टरांना जातो, ग्रुपवर नाही. सुरुवातीला ग्रुपवरच टाकायचो. मग कळलं की माझ्या टाचेचा क्लोज-अप एकाच्या फोनच्या गॅलरीत आपोआप साठला आणि पाहुण्यांसमोर टीव्हीवर सहलीच्या फोटोंमध्ये झळकला. तेव्हापासून सगळ्यांनी मीडिया आपोआप गॅलरीत जाण्याची सेटिंग बंद केली. चेहरा, रिपोर्टवरचं नाव, केस क्रमांक फोटोत येऊ देऊ नका.

जखम चालू असेल तर दर आठवड्याला त्याच कोनातून, मोजपट्टी धरून फोटो काढा आणि स्वतःकडे तारखेने ठेवा. नीट उपचार चालू असूनही चार आठवड्यांत जखम निम्म्याने लहान झाली नसेल, तर उपचार पुन्हा तपासायला हवेत. डॉक्टरांपुढे ते चार फोटो ओळीने ठेवले की बोलणं सोपं जातं.

पायरी ६: काही सापडलं तर

इथे ग्रुपने विचार करत बसू नये, म्हणून आम्ही आधीच ठरवून ठेवलं आहे.

लगेच, रात्र असली तरी: जखमेसोबत ताप, थंडी किंवा अचानक चढलेली साखर, जखमेच्या कडेपासून २ सेंटिमीटरच्या पुढे गेलेली किंवा वर सरकणारी लाली, पू, घाण वास, बोट काळं, निळं किंवा पांढरंफटक आणि थंड पडलेलं, जखमेत आतलं काही दिसतंय. याच यादीत एक फसवं दुखणं आहे, त्याचं नाव शार्को फूट. जखम नसते, दुखतंही कमी, पण एक पाय गरम, लाल, सुजलेला. लोक मुरगळला समजतात, कधी कधी दवाखान्यातही गाउट किंवा जंतुसंसर्ग समजला जातो. आत हाडं खचत असतात आणि प्रत्येक पावलागणिक जास्त खचतात. पाय टेकवणं बंद करा आणि दाखवायला जा. "शार्को तर नाही ना?" हा प्रश्न डॉक्टरांना आपणहून विचारा.

चोवीस तासांत: कातडी फुटलेली कोणतीही नवी जागा, कितीही लहान, फोड, घट्ट्याखाली काळा डाग, रुतून लाल झालेलं नख, वर सांगितलेला तापमानाचा फरक.

आठवड्याभरात: वाढता घट्टा, भेगा, बेचक्यातली पांढरी कातडी, नव्याने जाणवलेला बधिरपणा.

जाईपर्यंत काय करायचं? स्वच्छ पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा, स्वच्छ कोरड्या ड्रेसिंगच्या पट्टीने झाका, त्या पायावरचा भार काढा. फोड फोडू नका. पाय पाण्यात बुडवून बसू नका.

जोडीदाराने विचारायचे प्रश्न तीनच: किती वाजता जाताय? कोण नेतंय? निघालात की कळवाल? ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांत मेसेज आला नाही तर फोन. "काळजी घ्या" हे शब्द आमच्याकडे जवळजवळ बंदच आहेत. ते लिहून लिहिणारा मोकळा होतो, दुसरं काहीच हलत नाही.

खरी कसोटी उपचार सुरू झाल्यावर लागते. तळव्याच्या जखमेला प्लास्टर किंवा खास बूट देतात, चालताना जखमेवर भार येऊ नये म्हणून. काढता येणारा बूट असला की माणूस घरात तो काढून ठेवतो. एका अभ्यासात असे बूट दिवसभरातल्या हालचालींपैकी फक्त २८ टक्के हालचालींच्या वेळी पायात असल्याचं आढळलं होतं. म्हणून जखमवाल्याच्या जोडीदाराला आम्ही रोजचा एक आगाऊ प्रश्न ठरवून दिला आहे: "रात्री बाथरूमला जाताना बूट होता का?" उत्तर "नाही" आलं तर रागवायचं नाही. उद्या तो बूट पलंगाच्या कोणत्या बाजूला ठेवणार, एवढं विचारायचं.

पायरी ७: उपाय सांगणारे

प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी असतो. माणूस मनाने चांगला असतो, हीच पंचाईत. गरम पाण्यात पाय बुडवा, रात्री गरम पाण्याची पिशवी लावा, कुरुपाला ती औषधी चिकटपट्टी लावा, घट्टा ब्लेडने अलगद सोला, सकाळी गवतावर अनवाणी चाला. यातला एकेक उपाय बधिर पायाला जखम करू शकतो. कुरुपाच्या पट्टीतलं आम्ल चांगली कातडीही खातं, आणि गरम पिशवी किती गरम आहे हे सांगणारी नसच गेलेली असते.

वाद घालू नका. ठरलेला मेसेज चिकटवा: "काका, तुमचा अनुभव तुमच्या पायाचा आहे. इथे उपाय न सांगायचं आपलं ठरलंय. ताईंनी दाखवायला कधी जायचं ते ठरवू या का?" पुन्हा झालं तर ॲडमिनने खासगीत फोन करावा. तिसऱ्यांदा झालं तर बाहेर. आम्ही एकाला काढलं आहे, आणि वाईट वाटलं. तो आजही वाढदिवसाला शुभेच्छा पाठवतो, सोबत एका तेलाची जाहिरात.

पायरी ८: गप्प झालेला माणूस

तीन दिवस उत्तर आलं नाही की जोडीदाराने फोन करायचा, मेसेज नाही. बहुतेक वेळा फोन बिघडलेला असतो किंवा लग्नकार्य असतं. पण एकदा आमच्यातल्या एका ताई आठ दिवस गप्प होत्या. जोडीदारीण फोनवर बोलत राहिली, सून-मुलगा, गुडघे, झोप, सगळं झालं. वीसाव्या मिनिटाला ताई म्हणाल्या, "पायाला जरा झालंय. तुम्ही सगळे एवढं सांगता, मग दाखवायची लाज वाटली." जखम रुपयाएवढी होती.

तेव्हापासून जखम सांगणाऱ्याला पहिली प्रतिक्रिया ठरलेली आहे: "बरं झालं सांगितलंत." साखर किती होती, अनवाणी का गेलात, चप्पल कोणती होती, हे त्या दिवशी विचारायचं नाही. ज्यांचं बोट किंवा पाऊल काढावं लागलं आहे त्यांना ग्रुपमध्ये राहू द्या, आणि त्यांची गोष्ट इतरांना घाबरवायला वापरू नका. दुसऱ्या पायाला धोका त्यांनाच जास्त असतो. त्यांचा रोजचा प्रश्न कधीच चुकवायचा नाही. मन उतरलेलं दिसलं, झोप-जेवण सुटलं, "आता काय उपयोग" असं वारंवार येऊ लागलं तर तेही डॉक्टरांना सांगण्यासारखं लक्षण आहे, फोड दिसल्यावर सांगतो तसंच.

माणूस ग्रुप सोडतो म्हणाला तर अडवू नका. त्याचे फोटो जोडीदाराने आपल्या फोनमधून पुसावेत आणि तसं त्याला कळवावं. पुढच्या तपासणीची तारीख तेवढी विचारून ठेवा, आणि त्याच्या आदल्या दिवशी एक फोन करा.

या आठवड्यात विचारायची पाळी माझी आहे. आजचा प्रश्न टाकला: "उजव्या अंगठ्याच्या नखाचा बाहेरचा कोपरा कसा आहे?" आतापर्यंत सात उत्तरं आली, आठवं "पोचलात?" विचारणाऱ्या त्या ताईंचं: "कोपरा बरा आहे. तुमचा सांगा." आता चष्मा शोधायला उठतो.